आधी मोटर, मग दांडा

आमच्या इमारतीत अध्यक्ष निवडून येत नाही, अध्यक्षपद गळ्यात पडतं. दरवर्षी एका घराची पाळी. तळापासून सुरुवात, वरपर्यंत जायचं आणि पुन्हा खाली. पाळी जवळ आली की माणूस आधी स्वतः आजारी पडतो, मग आईला आजारी पाडतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही की वर्षभर पडेल चेहऱ्यानं जिन्यात वावरतो. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझ्याकडे तेही निमित्त नव्हतं. गेल्या जूनमध्ये पाळी आली आणि मी, फुएन्सांता, अध्यक्ष झाले. जिन्यातला दिवा गेला, बोलवा फुएन्सांताला. वरच्यांनी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पाणी सांडलं, बोलवा फुएन्सांताला. दिवसभर जर्दाळू डब्यात भरण्याच्या कारखान्यात मशिनींच्या वरताण ओरडायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच.

जूनअखेरीस सान हुआनच्या सणाला इमारतीचा पोहण्याचा तलाव उघडायचा, त्याआधी सभा घ्यायची आणि सभेत पाळी पुढच्या घरी ढकलून मोकळं व्हायचं, एवढ्याच आशेवर मी वर्ष काढलं. पुढचं घर निकासियोचं. त्याचा विचार आला की मला बरं वाटायचं. माझा नवरा हिनेस म्हणायचा, "हल्ली झोपेत हसतेस. निकासियोच येतो ना स्वप्नात?"

आणि नेमका तेव्हाच तलावाचा फिल्टर बिघडला.

फिल्टर म्हणजे छातीएवढ्या उंचीची गोल टाकी, आत वाळू. मोटर तलावातलं पाणी आत ढकलते, घाण वाळूत अडकते, स्वच्छ पाणी परत तलावात जातं. टाकीच्या डोक्यावर एक दांडा आहे. आठवड्यातून एकदा तो फिरवून पाणी उलटं सोडायचं, म्हणजे वाळूतली घाण धुवून गटारात जाते. हे काम ब्लासकाकांचं. ही इमारत बांधणाऱ्या गवंड्यांत ते होते, मग इथेच घर घेतलं आणि मोटरच्या खोलीची किल्ली खिशात घातली ती घातलीच. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नाही, मान म्हणाल तर तोही बेताचाच. दर शनिवारी जेवणाआधी खोलीतून त्यांचा आवाज यायचा. आधी मोटर, मग दांडा. बंद. फिरव. चालू. स्वतःलाच हुकूम सोडायचे. इमारतीतली पोरं त्यांची नक्कल करत पाण्यात उड्या मारायची.

एप्रिलमध्ये दांड्याखालचा रबरी वायसर फाटला. आमचा पंपवाला रोसेन्दो, त्यानं नवा घातला. जून उजाडतो न उजाडतो तोच हाही फाटला. तलावाचं पाणी दिवसभर गटारात झिरपत राहायचं आणि उरलेलं हिरवट दिसायला लागलं होतं. स्पेनच्या या कोपऱ्यात, आमच्या मुर्सियात, पाऊस कधी पडला होता ते आठवायला लागतं. तिथे असं पाणी वाहून जाताना बघणं जिवावर येतं.

मग काय, जो भेटेल तो शहाणपणा शिकवायला लागला. दुसऱ्या मजल्यावरची नोएलिया, पदरी दोन कार्टी, मला लिफ्टमध्ये गाठून म्हणाली, "फेकून दे तो डबा. माझ्या बहिणीकडे आपोआप चालणारा आहे. दांडा नाही, बिंडा नाही. कंपनीचा माणूस येतो, बघतो, कुलूप लावून जातो."

"आणि वर्गणी कोण भरणार? तुझी बहीण?"

"मुलांना हिरव्या पाण्यात सोडू का मग? अध्यक्ष आहेस ना तू?"

निकासियोचं वेगळंच. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, कुठल्याही गोष्टीला नाही म्हणणं हा त्याचा धर्म. त्याची गॅलरी मोटरच्या खोलीच्या बरोबर वर. तिथे कॉफी घेऊन उभा राहायचा आणि खाली कुणी दिसलं की विचारायचा, "पाणी काय तुमच्या बापाचं आहे का?"

मी रोसेन्दोला बोलावलं. ब्लासकाका अर्थातच शेजारी उभे. रोसेन्दोनं व्हॉल्व्ह उघडला, फाटका वायसर हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडचा मोठा पाना आणता का जरा?" काका घरी गेले. त्याच्या पेटीत तसलाच पाना होता, मला दिसत होता.

"टाकी धडधाकट आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "अजून कितीतरी वर्षं हिला काही होत नाही. पण हे रबर असं झिजत नाही, फुएन्सांता. कुणीतरी मोटर चालू ठेवून दांडा फिरवतंय. पाण्याचा सगळा जोर वायसरवर येतो, तो फाटणारच. नवा घातला तरी पुन्हा फाटेल."

"कुणीतरी म्हणजे? किल्ली काकांकडेच असते."

रोसेन्दो पेटीतली हत्यारं आवरायला लागला. "मी कुणाचं नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "एक तर वायसर बदला आणि हात बदला. नाही तर आपोआप चालणारा घ्या, त्याला हातच लागत नाही. काय ते ठरवून मला सांगा."

मला त्याचा इतका राग आला की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. हात बदला म्हणे. मोटर बंद केल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही, हे अख्ख्या इमारतीला कुणी शिकवलं? काकांनीच ना. मी ठरवलं की रोसेन्दो आपल्या कामाचं खापर दुसऱ्यावर फोडतोय.

तरी शनिवारी मी खाली गेलेच. कारखान्यात जर्दाळूचा मोसम ऐन भरात, तरी डोकं दुखतंय म्हणून लवकर सुटले आणि सरळ मोटरच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. काकांची पाठ माझ्याकडे होती. मोटर घरघरत होती. "आधी मोटर, मग दांडा," ते नेहमीसारखं म्हणाले. मग म्हणाले, "बंद." आणि बटणाकडे हातही न नेता त्यांनी दोन्ही हातांनी दांडा दाबला. मोटरचा आवाज एकदम चिरका झाला.

"काका, थांबा," मी ओरडले. कारखान्यातला आवाज, भिंती हलल्या असतील. मी धावत जाऊन बटण दाबलं.

ते वळले. मोटरकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू लावलीस," ते म्हणाले. "मी बंद केली होती. तू आलीस आणि चालू केलीस."

"काका, मी आत्ता आले."

"मला शिकवतेस? तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून हा दांडा फिरवतोय मी." मी इथे लग्न होऊन आले, फ्रॉकमध्ये त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. ते बाहेर गेले आणि तलावाच्या कडेला पाठ करून बसले. माझ्यावर आवाज चढवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती, आणि मला धडकी भरली ती त्या आवाजाची नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको कारिदाद आली, हातात सॉसेज घालून शिजवलेल्या तिखट वालांचा वाडगा. वाडगा ओट्यावर ठेवला आणि बसायच्या आधीच म्हणाली, "कळलं ना तुला?"

"काय कळलं?"

"वेड पांघरू नकोस. काल तो जेवला नाही. मला म्हणाला, फुएन्सांता मोटरशी खेळते." ती खुर्चीत टेकली. "पाव आणायला पाठवलं की आणतो. मग कोट घालून पुन्हा निघतो, पाव आणतो म्हणून. घरात पावांचा ढीग झालाय, मी सगळ्यांना वाटत सुटलेय. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात. मुलगा म्हणतो, बार्सेलोनाला या. तिथे काय करणार तो? इथे त्याच्याकडे शनिवार तरी आहे. सोमवारपासून विचारत असतो, आज शनिवार का. सकाळी डोळे उघडले की आधी किल्ली चाचपतो, मग मला."

मी तिला कॉफी दिली.

"किल्ली घेऊ नकोस, पोरी," ती म्हणाली. "तू अध्यक्ष आहेस, तुला घ्यावी लागेल हे मला कळतं. पण किल्ली गेली की तो खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठायचा नाही. मी त्याच्याबरोबर राहते, मला ठाऊक आहे."

ती गेल्यावर मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मी काय डॉक्टर आहे? की त्यांची मुलगी आहे? वर्षभर दिवे बदलायचे आणि गप्प बसायचं एवढंच माझं काम, त्यात हे कुठून आलं? नवा फिल्टर घेतला तर काकांची अब्रू राहील, मशीन म्हातारं झालं म्हणायचं आणि सुटायचं. पण नव्याला कंपनीचं कुलूप, म्हणजे किल्ली गेलीच. जुना दुरुस्त केला तर किल्ली राहील, पण दोन महिन्यांत पुन्हा वायसर फाटेल आणि मग सगळ्यांना कळेल. कुठूनही गेलं तरी म्हातारा खुर्चीतच.

सभेची सूचना लिफ्टमधल्या आरशावर लावायची असते. मी लिहिलं, विषय पहिला, नवीन फिल्टर घेणे. लावली. संध्याकाळी काढली आणि लिहिलं, जुन्या फिल्टरची दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी तीही काढली. हिनेस म्हणाला, "तू फक्त 'फिल्टर' एवढंच लिही ना बाई, आरशावरचा डिंक निघेना झालाय." कारखान्यातही माझं लक्ष नव्हतं. पट्ट्यावरून बियांसकट जर्दाळू डब्यांत गेले आणि सगळी खेप परत उघडायला लागली.

सभेच्या आदल्या दिवशी निकासियो लिफ्टमध्ये भेटला. मजला येऊनही तो दार अडवून उभा राहिला.

"मी सभेत बोलणार आहे," तो म्हणाला. "म्हातारा मोटर चालू ठेवून दांडा फिरवतो. मला वर गॅलरीत ऐकू येतं, मोटर किंचाळते. फिल्टर बिल्टर ठीक आहे, माणूस ठीक नाही."

"मग मला सांगितलंस ना, झालं. सभेत कशाला?"

"का म्हणजे? पाणी सगळ्यांचं वाया गेलंय. सगळ्यांना कळू दे. आणि पुढचा अध्यक्ष मी. पहिल्या दिवशी किल्ली काढून घेणार." त्यानं सुस्कारा सोडला. "असलं वर्ष माझ्याच नशिबी यायचं होतं. बायकोचा गुडघा दुखतोय, आणि मी काय तुमच्या गटारी बघत बसू?"

त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

आमची सभा खालच्या दालनात, टपालाच्या पेट्यांसमोर होते. सूचनेत दोन वेळा लिहायच्या असतात, पहिली आणि तिच्यानंतर अर्ध्या तासानं दुसरी. पहिल्या वेळेला आजवर काळं कुत्रंही आलेलं नाही. त्या दिवशी पहिल्या वेळेला दोनच माणसं होती. मी, आणि कोट घालून, केस चापून बसवून, स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आलेले ब्लासकाका.

"लवकर आलात," मी म्हटलं.

"फिल्टरचा विषय आहे," ते म्हणाले. "माझ्याशिवाय कोण सांगणार?" मोटरच्या खोलीत झालेलं ते विसरले होते की मला माफ केलं होतं, मला सांगता येत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग लोक आले, ज्याची त्याची खुर्ची घेऊन. निकासियो कधी नव्हे तो पहिल्या रांगेत बसला. कारिदाद मागे, भिंतीला टेकून. मी रोसेन्दोनं सांगितलं ते सांगितलं, म्हणजे निम्मं सांगितलं. टाकी चांगली आहे, वायसर फाटलाय. नवा फिल्टर घेता येईल, जुना दुरुस्त होईल.

"एप्रिलमध्येच घातला होता ना वायसर?" नोएलिया म्हणाली. "मग फाटला कसा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "रबर आहे," ब्लासकाका शांतपणे म्हणाले. "रबर फाटतं."

"दोन महिन्यांत?"

निकासियो उठला. त्यानं घसा खाकरला आणि चष्मा नीट केला. "मला एक सांगायचं आहे. हा वायसर का फाटतो ते मला माहीत आहे. माझी गॅलरी कुठे आहे ते तुम्हाला—"

मला मागे कारिदादचा चेहरा दिसत होता. काका त्याच्याकडे उत्सुकतेनं बघत होते, त्यांनाही जाणून घ्यायचं होतं.

"निकासियो," मी म्हटलं, "आधी दुसरा विषय घेऊ."

"कुठला दुसरा?"

"अध्यक्षपद. पाळी तुझी आहे."

तो तसाच उभा. "ते शेवटी घ्यायचं असतं. आणि माझ्या बायकोचा गुडघा—" मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"म्हणूनच म्हणते," मी म्हटलं. "तिच्या गुडघ्याचं बघ तू. आणखी एक वर्ष मी करते."

आमच्या इमारतीत असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मागून हिनेसचा आवाज आला, "लोकहो, ही माझ्याशी काही बोललेली नाही," आणि सगळे हसले. निकासियो हसला नाही. तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होता.

"पण एक आहे," मी म्हटलं. "फिल्टर जुनाच राहील, दुरुस्त करून. किल्ली काकांकडेच राहील. आणि शनिवारी तो धुताना मी बटणापाशी उभी राहीन, पाण्याचा थेंबसुद्धा फुकट जाऊ देणार नाही. तुला हे पसंत नसेल तर तू हो अध्यक्ष आणि कर तुझ्या मनासारखं." मग मी विचारलं, "तू काय सांगत होतास?"

निकासियोनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका मान पुढे करून थांबले होते.

"मी म्हणत होतो," तो म्हणाला, "की वायसर जरा चांगल्यातला घालावा." आणि खाली बसला.

"आणि पाणी पुन्हा हिरवं झालं तर?" नोएलियानं विचारलं.

"तर नवा आणायला मी स्वतः जाईन, आणि तू मला अख्ख्या जिन्यासमोर बोल."

हात वर झाले. नोएलियाचा सगळ्यात शेवटी, पण झाला. ब्लासकाकांनीही हात वर केला, ताठ. खुर्च्या उचलताना कारिदाद माझ्याजवळ आली आणि माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा पडला. काका म्हणाले, "उभी राहा बटणापाशी, माझं काही म्हणणं नाही. पण कामात मधे बोलायचं नाही."

घरी येऊन मी पलंगावर पडले आणि छताकडे बघत राहिले. आणखी एक वर्ष. दिवे, चादरी, लिफ्ट. मला स्वतःच्या तोंडाचा राग आला. हिनेस शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "निदान आता झोपेत हसणार तरी नाहीस."

रोसेन्दोनं नवा वायसर घातला. सान हुआनच्या शनिवारी आम्ही दोघं मोटरच्या खोलीत गेलो. आत उकडत होतं. काकांनी बाह्या सरसावल्या. "आधी मोटर," ते म्हणाले. मी बटण दाबलं. "बंद," मी म्हटलं. त्यांनी दांडा फिरवला, मी मोटर लावली, नळीच्या काचेतून आधी तपकिरी पाणी गेलं, मग पिवळट, मग स्वच्छ. पुन्हा बंद, पुन्हा फिरव, पुन्हा चालू. त्यांचे हात थरथरले नाहीत, एकही पायरी चुकली नाही. मला वाटलं, काय ठणठणीत आहे हा माणूस, मी उगाचच गळ्यात धोंडा बांधून घेतला. काकांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. बाहेर पोरं रांगेत उभी होती. तलाव उघडला, पाणी निळं होतं, आणि मी घरी येऊन भात गॅसवर ठेवला.

भाताला उकळी यायच्या आत दार वाजलं. दारात ब्लासकाका. बाह्या अजून ओल्याच होत्या. त्यांच्या मागे जिन्यात कारिदाद उभी होती, कठड्याला धरून, खाली बघत.

"चल पोरी," काका म्हणाले आणि किल्ली दाखवली. "आज शनिवार आहे. फिल्टर धुवायचा राहिलाय."

"काका, आत्ताच तर—" हिनेस आतून म्हणाला. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. मी गॅस बंद केला, हात पुसले.

खाली पोरं पाण्यात ओरडत होती. वर गॅलरीत निकासियो कॉफी घेऊन उभा होता. आम्ही पुन्हा कुलूप उघडतोय हे त्यानं पाहिलं, गटाराकडे पाहिलं, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

काकांनी बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात दांड्यावर ठेवले. "आधी मोटर," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. "बंद," मी म्हटलं, आणि त्यांनी दांडा फिरवला.